पट किती, हजर किती

खुर्चीच्या मागे एक पांढरा फळा टांगलेला आहे आणि त्यावर मार्करने एकच आकडा लिहिलेला आहे. खुर्ची राष्ट्राध्यक्षांची आहे, पण कचेरी म्हणावी असे तिथे काही नाही. एका प्रवासी यानाचा थोडा भाग पडदे ओढून वेगळा केला आहे, एवढेच. बारा ग्रहांवर नांदणारी अब्जावधींची मानववस्ती एका दिवसात अणुबाँबच्या वर्षावात संपली आहे आणि त्या घटकेला जे कोणी योगायोगाने अवकाशात होते तेवढेच मागे उरले आहेत. फळ्यावरचा आकडा त्या उरलेल्यांचा आहे. ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ या मालिकेच्या पहिल्या नियमित भागात तो ५०,२९८ पासून सुरू होतो. शत्रू दर ३३ मिनिटांनी येऊन गाठतो, दर ३३ मिनिटांनी ताफ्यातल्या सगळ्या यानांना उडी घेऊन दुसरीकडे पळावे लागते, आणि पाच दिवस कोणाच्या डोळ्याला डोळा लागलेला नाही. १,३४५ माणसांचे एक यान मागे राहते. ते परत येते तेव्हा त्याच्या मागोमाग शत्रू आल्यावाचून राहणार नाही हे उघड असते, आणि ते पाडण्याचा निर्णय घ्यावा लागतो. भागाच्या शेवटी आकडा ४७,९७२ वर आलेला असतो. मग सहायक आत येऊन सांगतो की ताफ्यातल्या एका यानावर मूल जन्माला आले आहे, मुलगा आहे. राष्ट्राध्यक्ष लॉरा रॉझ्लिन उठते, फळ्यापाशी जाते आणि आकड्यात एक मिळवते. ४७,९७३.

हे दृश्य पाहताना मला काहीतरी फार ओळखीचे वाटले होते. ते काय, हे कळायला मला सात-आठ महिने लागले.

मी ही मालिका २०२१ च्या पावसाळ्यात पाहिली. माझा भाचा त्या काळात घरून काम करण्यासाठी आमच्याकडे फोंड्याला येऊन राहिला होता आणि रात्रीची जेवणे उरकली की तो आपला संगणक टीव्हीला जोडून द्यायचा. महाविद्यालयात असताना त्याने ती पाहिली होती, आणि त्याने मला आधीच सांगून ठेवले होते, “मावशी, ही मालिका बघून तुला बरे वाटणार नाही. चार वर्षे माणसे पळत राहतात, एकेक करून मरतात, आणि शेवटी पुन्हा तेच.” पहिल्या काही रात्री आई आतल्या खोलीत जप करीत बसलेली असे. एका रात्री शीर्षकसंगीत सुरू झाले आणि ती माळ हातात घेऊनच बाहेर आली, कारण तिने गायत्री मंत्र ऐकला होता. तिचा कान तिला फसवत नव्हता. परक्या उच्चारांत, संथ स्वरात, ‘तत्सवितुर्वरेण्यं’ हे शब्द त्या संगीतात खरेच आहेत. समोर पडद्यावर जळणारे ग्रह दिसत होते. आई थोडा वेळ उभी राहिली, मग भाच्याच्या शेजारी बसली आणि पुढे रोज बसत गेली. संवाद इंग्रजीत, तेव्हा मधूनमधून तिला सांगावे लागे की ही माणसे घर सोडून पळालेली आहेत आणि राहायला जागा शोधत आहेत. त्यापेक्षा अधिक तिने कधी विचारले नाही.

त्या वर्षीचा मे महिना गोव्यात कसा गेला हे इथल्या माणसाला सांगायला नको. रोज संध्याकाळी फोनवर सरकारी पत्रक येई आणि त्यात दिवसभराचे आकडे असत: नवे रुग्ण, बरे झालेले, मृत. आम्ही प्रथम शेवटचा आकडा बघत असू. एका संध्याकाळच्या त्या आकड्यात आमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक शिक्षिका होत्या, ज्यांनी मला नोकरीच्या पहिल्या वर्षी हजेरीपट कसा बंद करायचा ते शिकवले होते. पत्रकात त्या कुठेही नव्हत्या आणि तरी होत्या. आकडा एकाने कमी असता तर त्या आज असत्या. अशा दिवसांनंतर काही आठवड्यांतच मी रॉझ्लिनचा फळा पाहिला, म्हणून त्या आकड्याकडे मला निव्वळ कथेतली युक्ती म्हणून पाहता आले नाही.

मालिकेविषयी थोडे सांगायला हवे. १९७८ साली याच नावाची एक मालिका अमेरिकेत झाली होती. रोनाल्ड मूर यांनी तिची कल्पना घेऊन ती पार नव्याने मांडली. डिसेंबर २००३ मध्ये दोन भागांची सुरुवात आली आणि मार्च २००९ मध्ये शेवटचा भाग. माणसानेच घडवलेली यंत्रे, ज्यांना सायलॉन म्हणतात, चाळीस वर्षांच्या शांततेनंतर माणसावर उलटतात, आणि आता त्यांच्यातली काही हुबेहूब माणसासारखी दिसतात, प्रार्थना करतात, प्रेमात पडतात. गॅलॅक्टिका ही युद्धनौका हल्ल्यातून वाचते ती जुनी असल्यामुळे. तिचे वस्तुसंग्रहालय व्हायचे असते, तिच्यातले संगणक एकमेकांना जोडलेले नसतात, फोनला अजून वायरी असतात, आणि म्हणून शत्रूने इतर नौकांच्या यंत्रणेत घुसवलेला घात तिला बाधत नाही. मालिका बनली तो काळ न्यूयॉर्कवरच्या हल्ल्यानंतरचा. तेव्हा त्या शहरात हरवलेल्यांचे फोटो लावलेल्या भिंती उभ्या राहिल्या होत्या, आणि गॅलॅक्टिकाच्या एका बोळातही तसेच फोटो आहेत, माणसे येता-जाता त्यांना हात लावून पुढे जातात. मालिका संपायच्या तीन दिवस आधी संयुक्त राष्ट्रसंघाच्या मुख्यालयात तिच्यावर चर्चा झाली होती. छळ, व्याप्त प्रदेशातले जीवन, आणीबाणीत लोकशाहीचे काय होते, हे सारे तिच्यात आहे. तिला काळोखी म्हणतात ते वाजवीच आहे, आणि मला तो काळोख कमी करून सांगायचा नाही.

भाच्याशी माझा वाद होता तो वेगळा. काळोख आहे हे मला मान्य होते. ‘शेवटी पुन्हा तेच’ हे मान्य नव्हते. मराठीत ‘शेवटी’ या शब्दाचे दोन अर्थ होतात. एक म्हणजे सगळ्यांत मागून जे घडते ते, आणि दुसरा म्हणजे सगळे तोलून पाहिल्यावर हाती जे उरते ते. मालिका आशावादी आहे का, हा प्रश्न लोक पहिल्या अर्थाने विचारतात, म्हणजे अखेरचा भाग बघून निकाल देतात. मला तो दुसऱ्या अर्थाने विचारावासा वाटतो, आणि तसा विचारला की आणखी एक अडचण समोर येते. ‘आशा’ हा शब्दच या माणसांना बसत नाही.

आपण आशेवर बसतो, आशेवर जगतो, कोणीतरी आशेला लावतो, आणि आशा लावून वाट पाहतो. आशा नेहमी कुठल्यातरी गोष्टीची असते, आणि ती गोष्ट बाहेरून यायची असते. उमेदीचे तसे नाही. उमेद धरावी लागते, ती खचते, खचलेल्याला दुसऱ्या कोणीतरी ती द्यावी लागते, आणि ज्या वर्षांत अंगात बळ असते त्यांनाच आपण उमेदीची वर्षे म्हणतो. या मालिकेत आशा सुरुवातीलाच मिळते आणि ती खोटी असते. हल्ल्यानंतर मेलेल्यांचे अंत्यविधी चालू असतात, ओळीने पेट्या ठेवलेल्या असतात, आणि समोर उभ्या असलेल्या खलाशांच्या डोळ्यांत काही उरलेले नसते. तेव्हा नौकेचा प्रमुख विल्यम अडामा सांगतो की तेरावी टोळी जिथे जाऊन वसली ती पृथ्वी कुठे आहे हे आपल्याला ठाऊक आहे, आणि आपण तिकडे निघालो आहोत. सगळे ताठ होतात. नंतर एकांतात रॉझ्लिन त्याला म्हणते की तुला काहीच माहीत नाही, आणि तो ते नाकारत नाही. माणसाला जगायला काहीतरी हवे असते, म्हणून त्याने ते दिलेले असते. ती हे गुपित पाळायचे कबूल करते.

पुढे चार वर्षे सारा ताफा त्या थापेच्या मागे जातो आणि एक दिवस पृथ्वी खरोखर सापडते. ती जळालेली असते. कित्येक शतकांपूर्वी तिथेही असेच काहीतरी घडून गेलेले असते. पायाखाली राख, पाण्यात किरणोत्सार, दूरवर पडक्या इमारती. हा भाग आम्ही पाहिला त्या रात्री बाहेर मुसळधार पाऊस होता आणि मध्येच वीज गेली. वीज येईपर्यंत तिघेही अंधारात न बोलता बसलो होतो. त्याच्या पुढच्या भागात ड्युआला नावाची एक तरुण अधिकारी, जी इतके दिवस संदेशयंत्रणा सांभाळत सगळ्यांना धीर देत आलेली असते, संध्याकाळी छान कपडे करून विल्यमचा मुलगा ली अडामा याच्याबरोबर बाहेर जाते, मनापासून हसते, परत आपल्या खोलीत येते, आरशासमोर गुणगुणते आणि स्वतःचा जीव घेते. मला वाटते, आशेवर जगण्याचे काय होते ते इतक्या सरळपणे फार थोड्या कथांनी दाखवले असेल. तिची आशा पुरी झाली होती. पृथ्वी सापडली होती. त्यानंतर धरायला तिच्याजवळ काही राहिले नव्हते.

आणि तरी दुसऱ्या दिवशी रॉझ्लिनच्या फळ्यावरचा आकडा कोणालातरी एकाने कमी करावाच लागला असणार. मालिका ते दाखवत नाही, पण पाहणाऱ्याला ते ठाऊक असते, कारण दुसऱ्या पर्वापासून प्रत्येक भागाच्या सुरुवातीला उरलेल्यांचा आकडा पडद्यावर येत राहतो.

मोजणीचे काम मी स्वतः केले आहे. २०११ च्या जनगणनेत आम्हा प्राथमिक शिक्षकांना प्रगणक नेमले होते. आदल्या वर्षी घरयादी झाली होती, आणि ९ ते २८ फेब्रुवारी या दिवसांत प्रत्येक घरी जाऊन प्रत्येक माणसाची नोंद करायची होती. लोक समजतात की ते काम म्हणजे घरोघर जाऊन डोकी मोजणे. माझ्या गटातली घरे डोंगराच्या उतारावर कुळागरांमधून विखुरलेली होती, आणि काही घरांपर्यंत पोहोचायला पाटाच्या कडेने पोफळींतून चालत जावे लागे. प्रत्येक घरात बसावे लागे, पाणी घ्यावे लागे, आणि “घरात किती माणसे?” या प्रश्नाला सरळ उत्तर क्वचित मिळे. आखातात असलेला मुलगा सांगायचा की नाही, माहेरी आलेली लेक कुठे धरायची, माडीवर पडून असलेल्या म्हाताऱ्याचे वय किती, याचा घरातल्यांतच खल होई. मोजायचे म्हणजे माणसाला नावानिशी विचारायचे, हे मला त्या वीस दिवसांत कळले.

खरी गोष्ट पुढे होती. १ ते ५ मार्च या काळात पुनरीक्षण फेरी असते. जनगणनेचा नेमका क्षण १ मार्चच्या मध्यरात्री शून्य वाजताचा धरलेला होता. आपण घरी जाऊन गेल्यापासून त्या क्षणापर्यंत कोणी जन्मले असेल तर नोंदवायचे आणि कोणी गेले असेल तर कमी करायचे. माझ्या गटात असे एकच घर निघाले जिथे दोन्ही झाले होते. आजी २३ तारखेला गेली होती आणि २७ तारखेला सुनेला मुलगी झाली होती. घरात सुतक आणि सुवेर दोन्ही चालू होते. मी अंगणातच उभी राहून विचारत होते, ओटीवर त्या घरातला मुलगा बसला होता, आणि त्याने मला विचारले, “बाई, आमच्या घराचा आकडा तोच राहिला ना?” मी कागद बघितला आणि तोच राहिल्याचे सांगितले. तो पुढे काही बोलला नाही. आकडा तोच होता, पण आधी लिहिलेले एक नाव खोडून दुसऱ्या जागी, अजून बारसेही न झालेले, एक लिहिताना माझा हात थांबला होता. त्या वर्षी गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ भरली. त्यातला एक त्या मुलीचा आहे. त्याच जनगणनेत पणजी शहर चाळीस हजारांच्या घरात होते. म्हणजे रॉझ्लिनच्या फळ्यावर जी सारी मानवजात उरली होती ती पणजीहून फार मोठी नव्हती.

मात्र मोजण्यात माया असते एवढेच सांगून थांबले तर मी मालिकेवर अन्याय करीन, कारण तिने याची दुसरी बाजूही सोडलेली नाही. दुसऱ्या पर्वात रॉझ्लिनसमोर असा हिशेब मांडला जातो की याच गतीने माणसे कमी होत राहिली तर मानवजात नामशेष होईल, आणि मग ती गर्भपातावर बंदी आणते. साऱ्या कारकिर्दीत ती स्त्रियांच्या ज्या हक्कासाठी भांडत आलेली असते, तोच हक्क ती फळ्याकडे बघून काढून घेते. त्याहून वाईट म्हणजे हेराची गोष्ट. हेरा ही माणूस बाप आणि सायलॉन आई यांची मुलगी. ती कोणाच्या हाती पडेल या भीतीने रॉझ्लिन डॉक्टरांकरवी बाळ मेल्याचे आईबापांना खोटेच सांगवते आणि ते मूल गुपचूप दुसऱ्या बाईला वाढवायला देते. शिक्षिका म्हणून मला हा प्रसंग फार लागला. हजेरीपटावरून एक नाव जाणूनबुजून खोटे वगळलेले आहे, आणि ते वगळणारी तीच आहे जी एका नव्या जिवासाठी हसत फळ्यापाशी उठून गेली होती. पुढे, मालिकेच्या अगदी अखेरीस, कळते की आजच्या साऱ्या मानवजातीची आदिमाता ही हेराच होती. जी पटावर नव्हती तिच्यातूनच सगळा पट पुढे आला. भाच्याला मी हे सांगितले तेव्हा तो प्रथमच थोडा थांबला.

आईचा या वादात भाग नव्हता, पण एका रात्री ती जे बोलली त्यामुळे माझे विचार एका वेगळ्या वाटेला लागले. ताफ्यातली माणसे एका थंड, चिखलाच्या ग्रहावर उतरून तंबू ठोकतात आणि त्या जागेला ‘न्यू कॅप्रिका’ असे नाव देतात, कारण ज्या ग्रहावर त्यांची राजधानी होती तो कॅप्रिका. मी आईला हे समजावून सांगितले. ती म्हणाली, “म्हणजे आमच्या म्हार्दोळासारखे.”

आमची कुलदेवता महालसा. तिचे मूळ स्थान गोव्यातल्या साष्टी तालुक्यात, वेर्ण्याला, जुन्या म्हार्दोळात. पोर्तुगीजांनी तिसवाडी १५१० मध्ये घेतली, बारदेस आणि साष्टी १५४३ मध्ये त्यांच्याकडे गेल्या, आणि १५६० नंतरच्या वर्षांत तिथली देवळे पाडली जाऊ लागली तेव्हा लोकांनी आपले देव उचलले आणि जुवारी नदी ओलांडून आदिलशाहीच्या हद्दीतल्या अंत्रुजात, म्हणजे आजच्या फोंडा भागात, आणले. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली, वेर्ण्याची महालसा आली ती जिथे उतरली त्या जागेचे नावही लोकांनी म्हार्दोळच ठेवले. रात्रीच्या वेळी, होडीत, कोणी डोक्यावर घेऊन, असे घराघरांतून सांगत आले आहेत. लहानपणी मी हे देवाच्या चमत्कारासारखे ऐकले होते. त्या रात्री प्रथमच माझ्या मनात आले की होडीत बसलेल्या त्या माणसांना आपण परत जाणार आहोत असे वाटत होते का? त्यांच्यात कोणीतरी अडामासारखे सांगितले असेल का, की दोन वर्षांत सगळे निवळेल, आपण देवीला परत नेऊ? सांगितले असेलच. ते खोटे ठरले. पिढ्या गेल्या, चार शतके उलटली. आशा म्हणावी तर तिचा असा पार चुराडा झाला. परंतु गावाचे नाव त्यांनी सोबत आणले, नव्या जागी ते लावले, आणि साडेचारशे वर्षांनंतरही माझी आई, जिचा साष्टीशी जमिनीच्या तुकड्याएवढाही संबंध नाही, आपली देवी वेर्ण्याची असे आज सांगावे तितक्या सहजपणे सांगते. जुन्या वेर्ण्यात आता पुन्हा महालसेचे देऊळ उभे आहे. आई तिथे जाऊन आली आहे. जाऊन आल्यावर ती एवढेच म्हणाली होती की तिथे वारा छान येतो.

म्हणूनच मालिकेचा अखेरचा भाग, जो अनेकांना दिलासा देणारा वाटतो, तो मला सगळ्यांत कमी आशादायी वाटला. चाळीस हजारांहूनही कमी उरलेली माणसे एका हिरव्यागार, निळ्या पाण्याच्या ग्रहावर येऊन पोहोचतात. अडामा म्हणतो की पृथ्वी हे एक स्वप्न होते, आपण त्याच्या मागे फार दिवस धावलो, आता हीच आपली पृथ्वी. नाव पुन्हा एकदा नव्या जागेला मिळते, आणि तेवढ्यापुरते माझे डोळे भरून आले, कारण म्हार्दोळ मनात होते. रॉझ्लिन आजारात खंगत आलेली असते, ती माळरानावरचे पक्षी बघत बघत जाते. पण मग ही माणसे आपली याने सूर्यात सोडून देतात, यंत्रे टाकतात, औषधे टाकतात, आणि लहान लहान गटांनी साऱ्या पृथ्वीवर पांगतात, यासाठी की पुन्हा त्याच चुकांचे चक्र फिरू नये. पांगल्यावर कोण जगले, कोण गेले, कोणाला मूल झाले, हे मोजायला कोणीही उरत नाही. त्या माळावर फळा नाही. दीड लाख वर्षांनी त्यांतल्या एकाचेही नाव कोणाला माहीत नसते, आणि मालिका आजच्या न्यूयॉर्कमध्ये, दुकानाच्या काचेमागे नाचणाऱ्या यंत्रमानवांवर संपते. इथे भाचा बरोबर होता. पहिल्या अर्थाने पाहिले तर ‘शेवटी’ खरेच पुन्हा तेच आहे. विसरल्याने चक्र तुटत नाही. आमच्या लोकांनी नदी ओलांडताना सगळे टाकून दिले असते तर त्यांचे दुःख कदाचित लवकर संपले असते, पण मग आईला वेर्ण्याच्या वाऱ्याचे काय?

मालिकेच्या बाजूने जे आहे ते मला त्या अखेरच्या तासात सापडत नाही. ते सापडते ते मधल्या साऱ्या वेळात. पाणी संपते तेव्हा कोणीतरी पाण्याचा हिशेब ठेवतो. ताफ्यात बंड होते, ते मोडले जाते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहारे लागतात. न्यू कॅप्रिकावर, निवडणूक हरल्यावर, रॉझ्लिन काय करते, तर तंबूत शाळा चालवते. ती मूळची शिक्षिकाच आहे. पुढे शिक्षणमंत्री झाली आणि वारसाक्रमात ४३ व्या स्थानावर होती, आणि तिच्या आधीचे बेचाळीस एकाच दिवशी गेले म्हणून ती राष्ट्राध्यक्ष झाली. ही गोष्ट सुरुवातीच्या भागातच सांगितलेली आहे. मी ती ऐकली होती आणि विसरले होते.

२०२२ च्या फेब्रुवारीत प्राथमिक शाळा पुन्हा उघडल्या. जवळजवळ दोन वर्षे आम्ही फोनवरून शिकवत होतो. मधल्या काळात कार्यालयीन कामासाठी मी शाळेत जात असे, पण वर्गखोल्या बंदच होत्या. मुले यायच्या आदल्या दिवशी तिसरी-चौथीच्या एकत्र वर्गाचे दार उघडले. आत कोंदट वास होता, बाकांवर धूळ साचली होती, खिडकीच्या एका दाराला वाळवी लागली होती. आणि फळ्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात, माझ्याच अक्षरात, खडूने लिहिलेले होते: १४ मार्च २०२०, शनिवार. पट १९, हजर १७.

आमच्या शाळांमध्ये रोज सकाळी हे लिहितात. प्रार्थना झाली की शिक्षक प्रथम हजेरी घेतो आणि फळ्याच्या कोपऱ्यात तो दिवसाचा आकडा घालतो. मग दिवसभर बाकीचा फळा शंभर वेळा पुसला जातो, पण तो कोपरा कोणी पुसत नाही. मी वीसहून अधिक वर्षे रोज ते लिहीत आले होते. रॉझ्लिनच्या खुर्चीमागच्या फळ्याशी माझी ओळख कुठली, हे मला त्या कोंदट खोलीत उभे असताना कळले. तिने राष्ट्राध्यक्ष झाल्यावर शिक्षकाची जी पहिली सवय असते तीच पुढे चालवली होती.

त्या १९ मध्ये ती मुलगीही होती जिला मी २०११ च्या पुनरीक्षण फेरीत कागदावर घेतले होते. २०१७ च्या जूनमध्ये तिला घेऊन तिची आई पहिलीत नाव घालायला आली तेव्हा जन्मतारीख वाचताच मला ओटीवर बसलेला तो मुलगा आठवला होता. शाळा उघडली तोवर ती चौथी संपवून हायस्कुलात गेली होती. दोन मुले गाव सोडून गेली होती, एकाच्या वडिलांची नोकरी सुटली होती म्हणून ते आपल्या मूळ गावी परतले होते. २०२१ ची जनगणना पुढे ढकलली गेली होती, तेव्हा कोण कुठे गेले याची मोजदाद कोणी घरोघर जाऊन केलेली नव्हती.

मी ओले फडके घेतले आणि बराच वेळ फळ्यासमोर उभी राहिले. मग बाकीचा सगळा फळा पुसला, आणि तो कोपरा दुसऱ्या दिवसापर्यंत तसाच ठेवला.

दुसऱ्या दिवशी मुले आली. तोंडाला मास्क होते, पायांतल्या चपला नव्या होत्या, आणि सगळी एकाएकी इतकी उंच झाली होती की डोळ्यांवरून ओळखावी लागत होती. प्रार्थना झाली. मी हजेरीपट उघडून एकेक नाव घेतले, प्रत्येकाने “हजर” म्हटले, आणि मग मी मुलांसमोरच तो जुना कोपरा पुसून नवीन तारीख घातली. पट १४, हजर १३. खडू खाली ठेवून मी त्यांच्याकडे वळले आणि विचारले की आज कोण आले नाही, आणि सगळ्यांनी एकदमच त्याचे नाव सांगितले.